रानडुक्कर, बाराबोर बंदूक आणि हाकारा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो वेतन, बोनस आणि संप यांवर बोलणार असे श्रोते गृहीत धरतात. आमच्या नावापुढे बंदुकीचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. पण हा विषय आमच्या कामाबाहेरचा नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला येणारा कामगार पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीतून येतो, आणि भाद्रपद-आश्विनात तो डोळे चोळीत येतो. रात्रभर तो भाताच्या राखणीला माळ्यावर जागलेला असतो. रात्री डुक्कर आणि दिवसा यंत्र, अशा दोघांच्या मध्ये सापडलेल्या या माणसाची दुखणी ऐकता ऐकता आम्हांला या विषयात शिरावे लागले. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे कळले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून, कायद्याच्या पोथ्यांतून आणि गावच्या जाणत्या माणसांकडून. तेच येथे क्रमाने सांगतो.

प्रथम जनावराची ओळख करून घेऊ. आपल्याकडचे रानडुक्कर हे युरोपातल्या रानडुकराच्याच जातीचे, परंतु पाठीवर उभ्या राठ केसांची आयाळ असलेले. पुरा वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहूनही अधिक. दृष्टी बेताची, कान तिखट, आणि नाक असे की ओल्या मातीखालचा कंदही हुंगून काढील. मादी सुमारे ११५ दिवसांत वीते आणि एका वेळेस साधारण चार ते सहा पिल्ले देते. माद्या व पिल्ले कळपाने राहतात, मोठा नर बहुधा एकटा फिरतो. शेतात शिरल्यावर ते पोटापुरते खाऊन जात नाही. भात लोळवते, बांध उकरते, नाचणी-वरी तुडवते, सुरण आणि करांदे उपटून टाकते. दहा गुंठ्यांच्या धन्याचे वर्षाचे धान्य एका रात्रीत मातीत जाते.

डुकरे वाढली असे सगळे म्हणतात. का वाढली, हे मात्र फार थोडे विचारतात. महाड-पोलादपूरचा तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत गेला. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी थंडावत गेली तरी तो शेताकडे पुरता परतला नाही. त्याला वाहनचालकाची, पहारेकऱ्याची, हमालाची कामे मिळाली. डोंगरउतारावरची वरकस जमीन, जिच्यात नाचणी आणि वरी होत असे, ती पडीक राहिली. तेथे घाणेरी आणि रानमोडी माजली, करवंदीच्या जाळ्या गावाच्या कुंपणापर्यंत उतरल्या. पूर्वी रान आणि भातखाचर यांच्यामध्ये नांगरलेल्या जमिनीचा रुंद पट्टा असे, आता जाळीतून निघालेले डुक्कर दहा पावलांत भातात येते. म्हणजे गावातली माणसे कमी झाली, त्याचीच ही दुसरी बाजू होय. हे ध्यानी ठेवले म्हणजे पुढे बंदुकीकडून किती अपेक्षा करावी याचा अंदाज चुकत नाही.

आता कायदा. या बाबतीत दोन वेगळे कागद लागतात, आणि गावोगाव घोटाळा होतो तो येथेच. पहिला कागद बंदूक बाळगण्याचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर वीस इंचांहून कमी नळी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या बाराबोरसारख्या बंदुकीचा, परवाना देता येतो. हा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडचा, म्हणजे आपल्यासाठी अलिबागचा. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेणेही त्याला जोडले आहे. परवान्यावाचून बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची कैद आहे. आजोबांच्या वेळची आढ्याला लावलेली गंजकी बंदूकही यातून सुटत नाही.

दुसरा कागद जनावर मारण्याचा. बंदुकीचा परवाना हातात आहे म्हणून डुक्कर मारता येते, ही समजूत साफ खोटी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद केली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तीनुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला घातक झाले असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत ही वाट अधिक सोपी केली. काही राज्यांत, उदाहरणार्थ २०१६ साली उत्तराखंडात, केंद्र सरकारने ठराविक मुदतीपुरते रानडुकराला उपद्रवी प्राणी जाहीर केले होते. ती गोष्ट आपल्याकडे लागू समजू नये. आणखी एक कलम विसरू नये. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते. त्याची वर्दी वनखात्याला द्यायची असते, वाटे घालायचे नसतात. धावून आलेल्या डुकरापासून जीव वाचवताना ते मेले तर तो गुन्हा होत नाही, पण शिकार करायला गेलेल्याने ही सबब सांगून भागत नाही.

निवडणूक आली म्हणजे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. विधानसभेची निवडणूक नेमकी भात पिकण्याच्या हंगामात आली तर शेतकऱ्याच्या हाती डबा आणि काठी राहते. खरे पाहता छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा निराळा विचार करावा अशी व्यवस्था आहे. ज्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही अशा पीकसंरक्षण परवानाधारकाने वेळेवर लेखी अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी रडगाण्याला कचेरीत किंमत नसते, हा आमचा संघटनेतला जुना अनुभव आहे.

आता बंदुकीकडे वळू. बाराबोर हे नाव कसे पडले? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोर. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर होतो. वीस गोळ्यांच्या हिशेबाची ती वीसबोर, म्हणून वीसबोरची नळी बाराबोरपेक्षा अरुंद. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात आणि गोळी दूरवर सरळ जाते. बाराबोरची नळी आतून गुळगुळीत. ती एका बाराला पुष्कळ छरे फेकते आणि ते जाता जाता पसरतात. उडत्या पाखरासाठी हा पसारा वरदान होय. डुकरासाठी तो अडचणीचा कसा होतो, ते हिशेबानेच पाहू.

काडतुसात साधारण तीस-बत्तीस ग्रॅम शिसे असते. सहा नंबरच्या काडतुसात तेवढ्याच वजनाचे सुमारे तीनशे बारीक छरे भरतात, एकेकाचे वजन ग्रॅमचा दहावा हिस्सा. हे तितरासाठी. डुकराच्या खांद्यावर, विशेषतः नराच्या, चिवट कूर्चेची ढालच असते. तीत हे छरे रुतून राहतात. जनावर मरत नाही, नासते मात्र. म्हणून मोठ्या जनावरासाठी एल.जी. आणि एस.जी. ही काडतुसे असतात. एल.जी.चे छरे एका औंसात सहा, म्हणजे एकेक पावणेपाच ग्रॅमचा, एस.जी.चे औंसात आठ. खडकीला १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यात आपल्याच कामगार बंधूंच्या हातून शिकारीची काडतुसे बनत आली आहेत, आणि पुडक्यावर ही अक्षरे असतात. ती वाचल्यावाचून काडतूस नळीत घालू नये.

छऱ्यांचा पसारा किती? नळीचे तोंड आवळलेले नसेल तर जुना ठोकताळा असा, की दर वारामागे एक इंच. तीस वारांवर, म्हणजे नव्वद फुटांवर, एल.जी.चे सहा-सात छरे तीस इंच व्यासाच्या वर्तुळात विखुरतात. डुकराचे काळीज आणि फुप्फुसे पुढच्या पायांच्या मागे, छातीच्या खालच्या अंगाला असतात. ही मर्माची जागा जेवणाच्या ताटलीएवढी, आठेक इंचांची धरा. आठ इंचांचे वर्तुळ तीस इंचांच्या वर्तुळाच्या चौदाव्या हिश्श्याइतके असते. म्हणजे तीस वारांवर मर्मात सरासरी अर्धा छराही पडत नाही! तेच पंधरा वारांवर पसारा पंधरा इंचांचा, आणि मर्मात दोनाच्या आसपास छरे. छरे मध्यभागी जरा दाट पडतात आणि आवळलेल्या नळीचा पसारा कमी होतो, म्हणून हिशेब ढोबळ समजावा. पण त्याचा निष्कर्ष पक्का आहे. पंधरा-वीस वारांपलीकडे छऱ्याने डुकरावर बार टाकणे म्हणजे नेमाऐवजी नशिबावर भिस्त ठेवणे. जर्मनीच्या शिकार कायद्याने रानडुकरासारख्या खुरी जनावरावर छरे झाडण्यास सरसकट बंदी घातली आहे, ती याच कारणाने. गुळगुळीत नळीतून उडवायची एकगोळीची काडतुसेही मिळतात. ती अधिक भरवशाची, पण नळीच्या तोंडाला ती मानवते की नाही हे जाणकाराला विचारून घ्यावे.

याच्या उलट बाजूचा हिशेब लोक करीतच नाहीत. मारण्यासाठी वीस वारांवर निकामी ठरणारा तो छरा जाऊन पडतो कोठे? एल.जी.चा छरा योग्य कोनात उडाला तर सहा-सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. बार सुटताना त्याचा वेग सेकंदाला साडेतीनशे ते चारशे मीटर असतो. सावित्रीच्या खोऱ्यात वाड्या उतारावर एकीखाली एक वसलेल्या आहेत. एका वाडीच्या बांधावरून आडवा टाकलेला बार खालच्या वाडीच्या अंगणात पोहोचतो. आणि आपला काळा कातळ मातीसारखा छरा गिळत नाही, तो परतवतो. म्हणून पहिला नियम: जनावराच्या मागे माती दिसत असेल तरच बार टाकावा. मागे आकाश, पाणी, कातळ किंवा जाळी असेल तर टाकू नये. माळा किंवा मचाण दहा-बारा फूट उंच असले म्हणजे नळी आपोआप खाली झुकते आणि चुकलेला छरा शेतातच पुरला जातो. मचाणाचे खरे मोल हे आहे. वास वर राहतो हा दुसरा फायदा. डोंगरातला वारा दिवसा वर चढतो आणि रात्री खाली उतरतो, हे ध्यानात घेऊन जागा ठरवावी, कारण डुकराला तुम्ही दिसण्याच्या आधी तुमचा वास येतो.

रात्रीविषयी एक गोष्ट प्रत्येक बंदूकवाल्याने पाठ करावी. बॅटरीच्या झोतात गाय, कुत्रा, बिबट्या यांचे डोळे दिव्यासारखे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो. डुकराच्या डोळ्यात हा पडदा नसतो. माणसाच्याही नसतो. तेव्हा चमकले ते डुक्कर नव्हे हे खरे, पण न चमकले ते डुक्करच असे समजणाऱ्याच्या पुढे शेजारचा राखणदारही असू शकतो. घोंगडी पांघरून बांधावरून वाकून चालणारा माणूस अंधारात चार पायांचा दिसतो. कोकणात सावज समजून माणसावर बार पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा येतात. सळसळीवर, सावलीवर, आवाजावर बार टाकायचा नाही. डोके, पाय, सारे जनावर उजेडात ओळखले तरच बोट चापावर न्यावे, तोपर्यंत ते चापाबाहेर ठेवावे.

हाताळणीचे बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. बांध, ओढा, कुंपण ओलांडताना बंदूक मोडून काडतुसे काढावी. मचाणावर चढताना रिकामी बंदूक दोरीने मागाहून ओढून घ्यावी. नळीत चिखल गेला असेल तर बार टाकू नये, नळी फुटते. बाराबोरच्या नळीत चुकून वीसबोरचे काडतूस घातले तर ते पुढे सरकून अडकते, आणि नळी रिकामी समजून मागून दुसरे भरले की हाताचे तुकडे होतात. म्हणून दोन जातींची काडतुसे एका खिशात ठेवू नयेत. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी निर्धोक दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, आपल्या पावसात ओलावलेले काडतूस कधी उशिरा पेट घेते. ठासणीच्या बंदुकीत दारूचे माप हाताने पडते, अंदाजाने मूठभर दारू ठासणारा स्वतःच्या डोळ्यांशी खेळतो.

आणि बार लागला, पण डुक्कर पडले नाही तर? येथे बंदूकवाल्याची खरी परीक्षा होते. रात्री रक्ताच्या मागावर जाळीत शिरू नये. पण सकाळी, वनखात्याला आणि गावाला कळवल्यावाचून, ते सोडूनही देऊ नये. जखमी डुक्कर जाळीत दबा धरते आणि दुसऱ्या दिवशी लाकडाला गेलेल्या बाईवर धावते. बार एकाचा, जखम दुसरीला.

आता हाकाऱ्याविषयी, कारण आम्ही मुख्यतः त्याच्यासाठीच बोलतो आहोत. उत्तरेत गंगेकाठच्या सपाटीवर साहेब लोक घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारीत आणि बंदुकीला कमीपणा मानीत. बेडन-पॉवेलने १८८९ साली त्यावर पुस्तकच लिहिले. आंबेनळी आणि वरंध्याच्या उतारावर घोडा काय कामाचा? येथे चाल पडली ती रान काढण्याची. एका अंगाने माणसांनी आरोळ्या ठोकीत, डबे वाजवीत रान झोडायचे आणि दुसऱ्या अंगाला बंदूकवाल्यांनी वाटा धरून बसायचे. आज परवानगी मिळते ती उपद्रवी जनावरापुरती. हौसेने रान काढणे हा गुन्हा आहे. तरी ते चोरून होते हे सर्वांना ठाऊक आहे. बंदूक पैसेवाल्याची असते, रान झोडतो तो मजूर. त्याच्या अंगावर चिलखत नाही, नाव कोठल्या कागदावर नाही. छरा लागला तर गुन्हा झाकण्यासाठी तो पडला, डुकराने मारला, असे सांगितले जाते. मग विधवेला ना भरपाई, ना न्याय. कारखान्यात हात गेला तर निदान अपघाताची नोंद मागायला आम्ही दाराशी उभे राहतो. रानात कोण उभे राहणार?

म्हणून आमचे मजूर बंधूंना सांगणे असे, की परवानगीचा कागद डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणाच्याही हाक्याला जाऊ नका. बक्षिसीच्या शंभर-दोनशे रुपयांत जिवाची किंमत होत नाही. आणि जेथे वनखात्याच्या लेखी परवानगीने आणि देखरेखीखाली असे काम निघेल तेथे चार अटी घाला. निघताना आणि परतताना नावानिशी हजेरी घ्यावी. प्रत्येकाच्या डोक्याला भडक नारिंगी फडके असावे, युरोपातले शिकारी हा रंग याचसाठी वापरतात. बंदूकवाल्याने आपली जागा सोडू नये आणि शेजारच्या बंदुकीच्या रेषेत नळी फिरवू नये. चौथी अट सर्वांत मोठी: माणसे ज्या बाजूने येत आहेत त्या बाजूला बार टाकायचाच नाही. डुक्कर रेषा ओलांडून पाठीमागे गेले म्हणजे मगच. गेले सुटून तर जाऊ द्यावे.

कोणी म्हणतील, एवढ्या कटकटीपेक्षा खाण्यात दडवलेला गावठी बॉम्ब बरा, किंवा कुंपणात विजेचा प्रवाह सोडावा. याइतके नीच काम दुसरे नाही. बॉम्बला डुक्कर, गाय आणि कुत्रा यांतला भेद कळत नाही. २०२० च्या मे महिन्यात केरळात स्फोटक भरलेले फळ खाऊन गाभण हत्तीण मेली, त्याने सारा देश हळहळला. चोरून सोडलेल्या विजेच्या तारेला तर बहुधा शेजारीच चिकटतो.

मग करावे काय? बंदुकीने एखादे माजलेले जनावर जाईल, कळपाला चार दिवस दहशत बसेल. पण वर्षाला चार-सहा पिल्ले देणाऱ्या जातीशी गोळ्यांची शर्यत लावून शेतकरी जिंकणार नाही. बांधालगतची जाळी सगळ्या वाडीने मिळून वर्षातून एकदा तोडावी. प्रत्येकाने आपल्यापुरते कुंपण घातले तर डुक्कर शेजाऱ्याकडे जाते, म्हणून कुंपण साऱ्या शेतांना मिळून एकच घालावे. राखणीच्या पाळ्या लावाव्यात, म्हणजे एकाच माणसाचे महिनाभर जागरण होणार नाही. नुकसान झाले की लगेच वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. भरपाई थोडी मिळते म्हणून अर्जच न करणारा शेतकरी सरकारदरबारी नुकसान झालेच नाही अशी साक्ष देत असतो. आणि गावात परवान्याची बंदूक एक असो की पाच, तिच्या धन्याला ग्रामसभेत उभे करून हे नियम त्याच्याकडून वदवून घ्यावेत.

कारखानदारांनाही एक मागणे आहे. हंगामाच्या सहा आठवड्यांत राखणीला जागणाऱ्या कामगाराला पहिल्या पाळीऐवजी दुसरी पाळी बदलून द्यावी. यात कोणाचे एक पैशाचे नुकसान नाही, आणि यंत्रावरची बोटे शाबूत राहतील. ही मागणी संघटनांनी येत्या भाद्रपदापूर्वी लेखी मांडावी. आमच्याकडून ती मांडली जाईल.